खोट्या बदकांची पंगत

७ सप्टेंबर, रविवार

पितृपक्ष लागला. पंधरा दिवस कोणावर रागवायचं नाही असा संकल्प सोडला. चहा व्हायच्या आत मोडला.

कुंड्यांना पाणी घालत होते. शेजारचे जर्मन बेरेन्सकाका कुंपणापलीकडून म्हणाले, काल तुमच्या ओजसबरोबर तळ्यावर छान संध्याकाळ गेली. मी म्हटलं, कुठला ओजस?

आमचाच. नोकरीच्या गावाहून, येनाहून, सव्वादोनशे किलोमीटर गाडी हाणत आला, गावाबाहेरच्या तळ्यावर बदकांच्या शिकारीला बसला आणि परत गेला. वसंतात म्हणे शिकारीचं लायसन्स काढलंय. बेरेन्सकाका जुने शिकारी, तळं त्यांच्याकडे भाड्याने. आमच्या घरापासून चालत जाण्यासारखं.

घरी आला नाही. बरोबरच आहे. बुटांना चिखल, आणि शनिवारी माझी फरशी पुसून झालेली असते. समंजस आहे पहिल्यापासून.

ह्यांना विचारलं, तुम्हाला माहीत होतं? हे पेपरामागून म्हणाले, हं. वोल्फ्सबुर्गची नोकरी संपल्यापासून हे सगळ्याला हं म्हणतात.

आपल्या घरात अंडं शिजत नाही आणि मुलगा बंदूक धरतो, याचं वाईट वाटलं. पण काका म्हणाले, एकही लागलं नाही त्याला. म्हणजे संस्कार शाबूत आहेत.

११ सप्टेंबर, गुरुवार

उपास. तरी दाण्याचे लाडू केले आणि काकांकडे नेले. सहज गेले होते. ओजसची चौकशी करायला नव्हे.

परिस्थिती गंभीर आहे. काकांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, पाण्यात उतरता येत नाही. त्यांच्या केलरमध्ये, म्हणजे तळघरात, पोतंभर प्लास्टिकची बदकं आहेत. ती तळ्यात सोडून ठेवायची. वरून जाणाऱ्या खऱ्या बदकांना वाटतं, खाली आपलीच मंडळी निवांत बसलीत, चला उतरू. मागच्या शनिवारी ती सोडली नव्हती, म्हणून सगळी बदकं सरळ पलीकडच्या खाणीतल्या पाण्यावर गेली. काका म्हणाले, ओजसला कळवून टाकतो, यंदा यायला अर्थ नाही.

मी म्हटलं, थांबा. मी सोडते.

काका इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला. म्हणाले, फ्राऊ आपटे, तुम्ही तर अंडंसुद्धा खात नाही. मी म्हटलं, प्लास्टिक तरी कुठे खायचंय मला.

घरी येऊन पापाचा हिशोब घालून पाहिला. मी ठेवणार ते निर्जीव. खरं बदक येणार ते त्याच्या प्रारब्धाने. नेम धरणार ओजस, आणि तो चुकणार. खर्चाच्या बाजूला काही पडत नाही.

जमेच्या बाजूला मात्र: बदकं आली की ओजस दर शनिवारी येणार. आला की एखाद्या शनिवारी घरी जेवणार. दिवाळीला राहायलाच. योजना पक्की. मॅट्रिकला गणितात डिस्टिंक्शन होतं, उगाच नाही.

१३ सप्टेंबर, शनिवार

काकांच्या कै. पत्नीची छातीपर्यंतची रबरी विजार घालून तळ्यात उतरले. आत पंजाबी ड्रेस, खिशात दत्ताचा फोटो. दोऱ्या कुजल्या होत्या, नव्या कशाला आणायच्या? परकराच्या जुन्या नाड्या बांधल्या. वजनाला कुकरच्या जुन्या शिट्ट्या. काका बघतच राहिले.

मांडणी मनापासून केली. दोन समोरासमोर ओळी. हिरव्या डोक्याचे नर एकीकडे, माद्या दुसरीकडे. मध्ये वाढप्याला जाता येईल इतकी वाट. लग्नाच्या पंगतीत आमच्या कऱ्हाडला पानं मांडायचं काम माझ्याकडे असायचं. दोरी न लावता ओळ सरळ.

पाचच्या सुमारास ओजस आला. मला पाण्यात बघून जागीच थांबला. मामा, वास माख्स्ट डू डेन हिअर? म्हणजे इथे काय करतेस; आईला मामाच म्हणतो, जर्मन पद्धतीने. मी म्हटलं, काकांना मदत करते, दुसरं काय. तूही जर्मनच बोल, मला काय, सवय आहे. हसला. वाळलाय. विचारलं जेवतोस ना वेळेवर, आणि पगारवाढ झाली का, आणि त्या ऑफिसातल्या मुलीचं काय झालं, आणि केस असे का कापलेस. म्हणाला, मामा, लाइझं, हळू बोल. बदकं ऐकतात. म्हणून गप्प बसले.

बदकं आली, वर एक फेरी मारली आणि निघून गेली.

काका म्हणाले, फ्राऊ आपटे, बदकं कवायतीला उभी राहत नाहीत. सरळ ओळ दिसली की त्यांना वाटतं खाली काहीतरी भानगड आहे. ओजसने पाण्यात शिरून माझी पंगत मोडली.

अंधार पडल्यावर येनाला गेला. लाडवांचा डबा बाकावर विसरला, तो काकांच्या आस्टा कुत्रीने संपवला. पितृपक्षात कुत्र्याला घास घालायचाच असतो. वाया काही गेलं नाही.

१५ सप्टेंबर, सोमवार

काकांकडून शास्त्र समजून घेतलं. बदकं वाऱ्याकडे तोंड करून उतरतात, म्हणून आपली बदकं वाऱ्याच्या अंगाने ठेवायची. दोन इथे, तीन तिथे, जशी घरातली माणसं घरभर पांगलेली असतात तशी. खेटून ठेवली तर घाबरलेली वाटतात. आणि मुख्य म्हणजे मध्ये मोकळं पाणी सोडायचं. उतरणाऱ्याला जागा लागते. सगळीकडे गर्दी केली की तो येतच नाही.

गेनाऊ, अगदी बरोबर, म्हटलं. साधी गोष्ट आहे.

दुपारी दिवाणखान्यात सराव. गालिचा हे तळं, वाट्या ही बदकं, वाऱ्याला टेबलफॅन. हे आले आणि मधोमध उभे राहिले. मी म्हटलं, अहो, उतरायच्या जागेत उभे आहात. हे म्हणाले, कोण उतरणार आहे? मी म्हटलं, कळेल.

एक वाटी यांनी पायाने सरकवली. मग वाकून नीट केली. तिथेच जास्त बरी दिसत होती, पण सांगितलं नाही.

२० सप्टेंबर, शनिवार

विजय!

मांडणी अशी जमली की काकांनी टोपी काढली. मध्ये पाणी मोकळं, वारा पश्चिमेचा. ओजस आला, बघून म्हणाला, वॉव. मी गवताच्या आडोशात त्याच्या शेजारी बसले. बोलायचं नाही ही अट. पाळली. फक्त त्याच्या मफलरचं टोक आत खोचलं, आणि सर्दी झालीये का एवढंच विचारलं, आणि घराचं भाडं वाढलं का.

बदकं खाली आली. पंख आडवे करून, पाय पुढे काढून, अगदी मी ठेवलेल्या मोकळ्या जागेत. डोळे मिटून रामरक्षा म्हणायला सुरुवात केली. बार झाले. रामरक्षा अर्धी राहिली.

दोन पडली. आस्टाने आणून ठेवली. एकाची मान माझ्या बुटावर.

ओजसने माझ्या खांद्याला हात लावला. सुपर, मामा. गेनाऊ झो! लहानपणी सायकल शिकला तेव्हा असा चेहरा होता.

पापाचं नंतर बघू.

पिसं काढायला तो काकांच्या गॅरेजमध्ये बसला. आमच्या शेजारी, तरी घरी आला नाही. हाताला रक्त, आणि आपल्याकडे देव आहेत. त्याला ते कळतं. उद्याच्या सर्वपित्रीसाठी पुरण शिजवलंच होतं, त्यातली एक पोळी गरम करून कुंपणावरून दिली. उभ्याउभ्या खाल्ली. तूप थोडं जास्तच वाढलं. म्हटलं, आता आत येऊन नीट बस की. म्हणाला, नेक्स्टं वॉखं, मामा.

पुढच्या आठवड्यात म्हणाला. स्वतःहून.

त्या दोन बदकांसाठी देवापुढे दिवा लावला. दोन निरांजनं कशाला, एकातच दोन वाती. देवाला मागणं बदललंय: बदकं भरपूर येऊ देत आणि ओजसचा बार जरा उशिरा होऊ दे. दोन्ही एकदम जमवणं त्याला अवघड नाही.

२७ सप्टेंबर, शनिवार

नवरात्र. मी निराहार, तरी पाण्यात. दोरीची एक शिट्टी सुटली आणि एक बदक वाहत गेलं, ते ओजसने काठीने ओढून आणलं. बदकं थोडी आली, लांब बसली. बार नाही. देवीची कृपा, आणि उत्साहही टिकला.

त्याला म्हटलं, आज घरी साबुदाण्याची खिचडी आहे. म्हणाला, उद्या लॅबमध्ये जायचंय लवकर. म्हटलं, रविवारी? म्हणाला, हो. म्हटलं, रविवारी कोणती लॅब उघडी असते? दोऱ्या गुंडाळायला लागला. त्याच्या लॅबमध्ये भिंगांचं काम आहे, भिंगांना वार कळत नसणार.

ह्यांनी खिचडी दोनदा घेतली.

१ ऑक्टोबर, बुधवार

खंडेनवमी. ज्याच्यावर घर चालतं त्या हत्यारांची पूजा. ह्यांचे पाने-हातोडे, माझी विळी, मिक्सर. मनात आलं, यंदा आमचं खरं हत्यार कोणतं?

काकांकडे गेले. बंदूक कपाटाबाहेर काढता येत नाही, कायदा. पण बदकांचं पोतं दिलं.

सगळी बदकं बाथटबमध्ये शाम्पूने धुतली. शेवाळाचे थर होते, बिचारी. मग खोबरेल तेल चोळलं, कापसाने. अंगण उजळून निघावं तशी चकाकायला लागली. हळदकुंकू लावलं, फुलं वाहिली, आरती केली. हे दाराशी उभे राहून म्हणाले, नैवेद्य काय, कोंडा? चेष्टा करा. पण टाळी वाजवत होते.

शनिवारी बघा.

४ ऑक्टोबर, शनिवार

बदकं आली. खूप. एवढी कधी आली नव्हती.

लांबूनच बघितलं आणि उभीच्या उभी वर गेली. पुन्हा आली, पुन्हा वर. मग खाणीकडे.

काका दुर्बिणीतून बघत म्हणाले, फ्राऊ आपटे, काय केलंत? आज उन्हं तिरपी होती. माझी सगळी बदकं धुतलेल्या मोटारींसारखी लखलखत होती. खरं बदक असं चमकत नाही म्हणे. बदकाला चमक दिसली की ते जन्मात खाली येत नाही, हे लहान पोरालाही ठाऊक असतं. मला कोणी सांगितलं नव्हतं.

ओजस पाण्यात उतरून एकेकाला चिखल फासत होता. कुंकू निघेना. खोबरेलावर चिखलही धरेना. एका नराचं कुंकू त्याच्या बोटांना लागलं, ते त्याने बराच वेळ बघितलं. रागावला नाही. रागावला असता तर चाललं असतं.

काठावर येऊन माझ्यासमोर उभा राहिला. म्हणाला, आई, तू नको ना येत जाऊस.

मराठीत! दोन वर्षांनी. एकही जर्मन शब्द नाही. उच्चार स्वच्छ, कुठेही अडखळला नाही. ह्यांना येऊन सांगितलं, ओजस आज माझ्याशी मराठी बोलला. हे म्हणाले, काय बोलला? मी म्हटलं, असंच.

११ ऑक्टोबर, शनिवार

त्याचा शब्द मोडायचा नाही. म्हणून तो यायच्या आधी, दुपारीच जाऊन मांडून आले. तेल साबण-सोड्याने काढलंय, वर उदबत्तीची साठवलेली राख आणि ह्यांच्या गुलाबांची माती. बदकं अगदी कळकट. मांडणी आजवरची सर्वोत्तम. विजार काकांच्या शेडमध्ये ठेवली आणि परत. मी आले होते असं कोणी म्हणणार नाही.

संध्याकाळी खिडकी उघडी ठेवून बसले. बार ऐकू आला नाही.

काका म्हणाले, ओजस आलाच नाही. त्यांना फोन केला होता. घाबरलेली बदकं त्या तळ्यावर काही आठवडे फिरकत नाहीत, हे त्यानेच त्यांना सांगितलं.

मला फोन केला नाही. मी खाली केलरमध्ये वाळत घालत होते तेव्हा केला असेल. तिथे रेंज नसते.

२१ ऑक्टोबर, मंगळवार

लक्ष्मीपूजन. पायरीवर पणत्या. ओजसचा मेसेज आला. हॅपी दिवाली, आणि पणत्यांचं चित्र. चार पणत्या होत्या. घाई असती तर एका पणतीचं पाठवलं असतं.

मी उत्तर दिलं. चकल्या केल्यात, शंकरपाळे केलेत, कधी येतोस, तब्येत कशी, तिकडे थंडी पडली का, हिवाळी बूट घेतलेस का, फोन करू का. खूण निळी झाली. वाचलंय. वाचतो सगळं.

परवा रविवारी ब्राउनश्वाइगच्या महाराष्ट्र मंडळात विभावरी भेटली. तिचा मुलगा घरीच राहतो, दिवसभर कॉम्प्युटरवर असतो म्हणून रडत होती. मी म्हटलं, आमचा ओजस या सीझनला दर शनिवारी येतो. खोटं नाही ते. सीझन जानेवारीपर्यंत आहे.

२५ ऑक्टोबर, शनिवार

एकटी गेले. काकांनी विचारलं, कोणासाठी? म्हटलं, हात बसायला हवा. वारा दक्षिणेचा, ढगाळ. कळकट बदकं सोडली. दोन, तीन, परत दोन. मध्ये पाणी मोकळं. आडोशात बसले.

आली.

आधी चार, मग आणखी, मग मोजायचं सोडून दिलं. एक फेरी, आणि कसलीही शंका न घेता सगळी मोकळ्या जागेत उतरली. माझ्या प्लास्टिकच्या मादीशेजारी खरी मादी येऊन पंख साफ करत बसली. पाण्यावर सगळीकडे त्यांची बडबड. भीती नाही, घाई नाही.

कोणाला दाखवू? ओजसला फोटो पाठवला. बघ. आली.

त्याने अंगठा पाठवला.

अंगठा म्हणजे हो. म्हणजे येतो. येनाहून निघाला तर अडीच तास. मी हललेच नाही, मी हलले तर ती उडतील आणि तो आल्यावर काय दाखवू? पाय बधिर झाले. विष्णुसहस्रनाम झालं, परत झालं. अंधारात पाणीच दिसेना, तेव्हा गुडघा सरकला. एकदम सगळी उडाली. खाली नुसती माझी राहिली.

हे टॉर्च घेऊन शोधायला आले होते. विजार ओढून काढायला मदत केली.

८ नोव्हेंबर, शनिवार

पाऊस. ऑटोबानवर कामं चालू आहेत असं रेडिओवर सांगितलं. कुठल्या ऑटोबानवर ते नीट ऐकलं नाही. येनाच्याच असणार.

काका म्हणाले, यंदा पुरे. बदकं पोत्यात भरली, केलरमध्ये नेऊन ठेवली. मी म्हटलं, जानेवारीपर्यंत सीझन आहे ना? ते म्हणाले, गुडघा दुखतो, फ्राऊ आपटे.

ठरवलं: पुढच्या वर्षी सप्टेंबरच्या पहिल्या दिवसापासून. तेल अजिबात नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार

दुपारी काकांच्या दारात ओजसची गाडी.

रविवारी आमच्याकडे शिकार नसते. म्हटलं, काकांनी मोहीम परत काढली की काय! चकल्यांचा डबा घेतला आणि मागच्या बाजूने कुंपणाशी गेले. काका आस्टाला बाहेर सोडायला आले होते. हळूच विचारलं, बदकं? ते म्हणाले, नाही, नाही, बदकं कुठली आता. पोतं त्या दिवशी ठेवलं ते ठेवलंच.

मग?

म्हणाले, रविवारी येतो ना तो. नेहमीच. बदकं असली तर शनिवारी, नसली तर रविवारी कॉफीला असतोच. उन्हाळ्यातही यायचा. गाडी एरवी मागच्या गल्लीत लावतो.

मी म्हटलं, एवढं काय बोलता दोघं?

काकांनी विचार केला. म्हणाले, काही नाही. तो बसतो. मी माझं कोडं सोडवतो. मी काही विचारत नाही त्याला.

मग एकदम म्हणाले, या की आत, फ्राऊ आपटे, कॉफी तयार आहे.

स्वयंपाकघराच्या काचेतून तो दिसत होता. खुर्चीत मांडी घालून, पायमोजे काढून, पावावर काहीतरी लावत होता. डोकं भिंतीला टेकलेलं. आत कोणी बोलत नव्हतं तरी चेहरा हसरा होता. आमच्याकडे तो असा कधी बसला नाही. मी बसू दिलं नाही असं नाही. कधी बसला नाही.

मी म्हटलं, नको, गॅसवर दूध ठेवलंय. आमच्याकडे गॅस नाही, काकांना माहीत आहे. हळूच मान हलवली त्यांनी. डबा दिला. म्हटलं, तुमच्यासाठी आहे.

घरी आले तर हे वरच्या खिडकीशी उभे. दिवा न लावता. मीही जाऊन उभी राहिले. विचारलं, तुम्हाला रविवारचं माहीत होतं? या वेळी हं म्हणाले नाहीत. म्हणाले, मला वाटलं, तुला बदकांत बरं वाटतंय.

पाचच्या आत अंधारून आलं. ओजस बाहेर आला, आस्टाचे कान कुरवाळले, काकांना मिठी मारली, गाडीत बसला. आमच्या दारापुढे येताना गाडी हळू झाली. हे म्हणाले, बघ, हळू केली.

मी म्हटलं, आपल्या गल्लीत तीसचीच लिमिट आहे.